समजून घ्या : बीजिंगला जाताय? आधी ऑपेराचा प्रयोग बघा, मग हॉटेल ठरवा

भारत आणि चीनमधली थेट विमानसेवा पाच वर्षांहून मोठ्या खंडानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. कोलकाता ते ग्वांगचौ हे विमान २६ ऑक्टोबरला निघालं आणि नंतर दिल्लीहूनही विमानं सुटू लागली. त्यामुळे सिंगापूर-थायलंड करून झालेल्या अनेकांच्या यादीत आता बीजिंग आलंय.

बीजिंगचं नेहमीचं वेळापत्रक सगळ्यांचं सारखंच असतं. एक दिवस चीनची भिंत, एक दिवस राजवाडा आणि तिआनआनमन चौक, एक दिवस मंदिरं आणि खरेदी. ही सगळी दिवसाची कामं आहेत. संध्याकाळी सहानंतर काय करायचं, याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं. 'बीजिंग ऑपेरा बघू' असं ठरलेलं असतं, पण हॉटेल तोवर कधीच बुक झालेलं असतं, तेही किंमत आणि स्टार बघून. मग थिएटर शहराच्या दुसऱ्या टोकाला निघतं, दिवसभर चालून पाय दुखत असतात आणि 'जाऊ दे, यूट्यूबवर बघू' यावर विषय संपतो.

हा क्रम उलटा केला तर? म्हणजे आधी प्रयोग शोधायचा आणि मग त्याच्या आसपास हॉटेल. बीजिंगच्या बाबतीत हे जितकं सोयीचं आहे तितकं फार कमी शहरांत असेल. कारण या शहरात मुक्कामाची जागा आणि नाटकाचा रंगमंच यांचं नातं दोनशे वर्षांहून जुनं आहे.

बीजिंग ऑपेरा म्हणजे नेमकं काय?

चिनी भाषेत याला 'जिंगजू' म्हणतात, म्हणजे राजधानीचं नाटक. 'ऑपेरा' हा शब्द पाश्चात्त्यांनी चिकटवला. त्यामुळे काळ्या सुटातला ऑर्केस्ट्रा आणि इटालियन गाणी डोळ्यांसमोर येतात, पण इथे तसं काही नाही. गाणं, गद्य संवाद, अभिनय आणि मारामारी-कसरती या चार गोष्टींचं हे एकत्र नाट्य आहे. आपल्याला जवळचं उदाहरण द्यायचं तर संगीत नाटकाचं गाणं, दशावताराची रंगभूषा आणि मल्लखांबाच्या तोडीच्या उड्या, हे सगळं एकाच तिकिटात.

१७९० मध्ये चिंग राजवटीतल्या छ्यानलाँग सम्राटाच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने आन्हुई प्रांतातून नाटक मंडळ्या राजधानीत आल्या. वाढदिवस झाला, पण त्या परत गेल्या नाहीत. पुढे हुबेई प्रांतातले कलाकार त्यांच्यात मिसळले, दोन्हीकडच्या चाली एकत्र आल्या आणि त्यातून एकोणिसाव्या शतकात हा प्रकार आकाराला आला. चिनी नाट्यपरंपरा हजार वर्षांच्या मानल्या जातात. त्या हिशेबात जिंगजू तरुणच. त्याच्याहून जुनं, जास्त हळुवार असं 'कुनछू' आहे. युनेस्कोने कुनछूची दखल २००१ मध्ये घेतली आणि बीजिंग ऑपेराला २०१० मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

शोधताना होणारा एक गोंधळ आधीच सांगून ठेवतो. नेटवर इंग्रजीत 'बीजिंग ऑपेरा हाऊस' असं टाकलं की तिआनआनमनजवळची अंड्याच्या आकाराची काचेची भव्य इमारत येते. ते राष्ट्रीय कलाकेंद्र. फ्रेंच वास्तुविशारद पॉल आंद्रू यांनी त्याचं डिझाइन केलंय. तिथल्या मुख्य सभागृहात बऱ्याचदा पाश्चात्त्य ऑपेरा असतो. जिंगजूही तिथे होतं, पण कार्यक्रमपत्रिका न बघता तिकीट काढलंत तर बीजिंगला जाऊन इटालियन ऑपेरा बघून याल.

जुनी थिएटरं दक्षिणेलाच का?

नकाशावर राजवाडा मध्यभागी धरा. जुनी प्रसिद्ध थिएटरं त्याच्या दक्षिणेला, छ्यानमन या वेशीच्या बाहेर एकवटलेली दिसतील. हा योगायोग नाही. चिंग काळात तटबंदीच्या आतलं शहर मांचू लष्करी कुटुंबांसाठी राखलेलं होतं. सैनिकांनी करमणुकीच्या नादी लागू नये म्हणून आतल्या शहरात नाट्यगृहांना मनाई होती. साहजिकच नाटकं, चहाची दुकानं, बाजार आणि बाकी सगळी मौज वेशीबाहेर वसली.

त्याच भागात आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे 'हुईग्वान'. वेगवेगळ्या प्रांतांतून शाही परीक्षा द्यायला येणारे विद्यार्थी आणि धंद्यासाठी येणारे व्यापारी यांच्यासाठी त्या त्या प्रांताच्या लोकांनी बांधलेली उतरण्याची ठिकाणं. मुंबई-पुण्यात ज्ञातीच्या किंवा गावाच्या मंडळांनी बांधलेली वसतिगृहं आणि धर्मशाळा आठवा, तसंच. फरक इतकाच, की मोठ्या हुईग्वानमध्ये राहण्याच्या खोल्यांबरोबर नाटकाचा रंगमंचही असे. घरापासून दोन महिन्यांच्या वाटेवर असलेला माणूस संध्याकाळी आपल्या बोलीतलं नाटक बघत चहा पीत बसे. अंगण ओलांडलं की खोली.

यातलं सर्वांत प्रसिद्ध म्हणजे हूग्वांग हुईग्वान. हुनान आणि हुबेई या दोन प्रांतांच्या लोकांसाठी १८०७ मध्ये ते उभं राहिलं. लाल-हिरव्या लाकडी खांबांचा रंगमंच, तीन बाजूंनी प्रेक्षक, वर सज्जा. ऑगस्ट १९१२ मध्ये सुन यत-सेन यांच्या उपस्थितीत क्वोमिंतांग पक्षाची स्थापना-सभा याच वास्तूत झाली. आज तिथे ऑपेराचं छोटं संग्रहालय आहे.

आणि हॉटेलातच थिएटर हा प्रकार आजही संपलेला नाही. जवळच्याच छ्यानमन ज्यानग्वो हॉटेलात १९९० मध्ये 'लीयुआन' थिएटर सुरू झालं. लीयुआन म्हणजे नासपतीची बाग. आठव्या शतकात तांग सम्राट श्वानत्सोंगने आपल्या कलाकारांचं शिक्षण अशा बागेत सुरू केलं, म्हणून चीनमध्ये आजही नटांना 'नासपतीच्या बागेतले शिष्य' म्हणतात. हुईग्वानातला जुना प्रवासी लिफ्टने खाली उतरून नाटक बघू शकला असता तर कसं, त्याचं उत्तर म्हणजे हे हॉटेल.

मग हॉटेल कुठे घ्यायचं?

बीजिंगच्या मेट्रोत डझनांनी मार्ग आहेत. नकाशा पहिल्यांदा उघडल्यावर सर्किट बोर्ड बघतोय असं वाटतं (इंजिनीअरिंगची सवय, दुसरं काय). पण ऑपेरासाठी त्यातली एकच रेषा लक्षात ठेवली तरी भागतं : लाइन २.

ही गोल फिरणारी लाइन आहे. १८ स्थानकं, सुमारे २३ किलोमीटर. जुन्या शहराची तटबंदी पाडली गेली, तिच्या जागेवरून ही लाइन आणि दुसरा रिंग रोड जातो. म्हणून तिच्या अनेक स्थानकांच्या नावात शेवटी 'मन' येतं. मन म्हणजे वेस. पुण्यातल्या पेठांच्या नावांत जुनं शहर लपलेलं असतं, तसं इथे मेट्रोच्या घोषणेत तटबंदी ऐकू येते.

आता थिएटरं या गोलावर ठेवून बघा. छांगआन थिएटर ज्यानग्वोमन स्थानकाला लागून आहे. मेई लानफांग थिएटर छगोंगच्वांग स्थानकाजवळ. जुनं लाकडी झंगयीत्स थिएटर हपिंगमन आणि छ्यानमन या स्थानकांच्या टप्प्यात. हूग्वांग आणि लीयुआन ही दोन थोडी दक्षिणेला, लाइन ७ वरच्या हूफांगछ्याओ स्थानकाजवळ. पण छ्यानमनहून टॅक्सीने तिथे जायला फार वेळ लागत नाही.

कॅपिटल विमानतळावर उतरलात तर तिथून येणारी एक्स्प्रेस मेट्रो २५ युआनमध्ये डोंगचिमनला सोडते. एक युआन साधारण बारा-तेरा रुपयांचा धरा. डोंगचिमनही लाइन २ वरच आहे. म्हणजे विमानतळ, हॉटेल आणि थिएटर यांच्यात एकदाच गाडी बदलायची. शांघायहून बुलेट ट्रेनने येणाऱ्यांसाठी बीजिंग दक्षिण स्थानक लाइन ४ वर आहे. तीच लाइन पुढे श्वानवूमनला लाइन २ ला मिळते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ऑपेरा बघायचाच असेल तर लाइन २ च्या दक्षिण कमानीवर, श्वानवूमन ते छ्यानमन ते छोंगवनमन या पट्ट्यात हॉटेल घ्या. राजवाडा आणि तिआनआनमन चौकही इथून जवळ. छोंगवनमनहून लाइन ५ ने स्वर्ग मंदिर दोन स्थानकांवर. बुकिंग ॲपवर चाओयांगकडची चकाचक टॉवरमधली हॉटेलं वर येतात. त्या भागात खाण्यापिण्याची चंगळ आहे, भारतीय हॉटेलंही प्रामुख्याने त्याच बाजूला सापडतात. पण रात्री दहाला थिएटरमधून बाहेर पडल्यावर पंधरा मिनिटांत खोलीवर पोहोचणं आणि पाऊण तास दोन गाड्या बदलत जाणं यात फरक आहे, विशेषतः बरोबर आईवडील किंवा मुलं असतील तर. लाइन २ वरच्या शेवटच्या गाड्या साधारण साडेदहा-अकराच्या सुमारास सुटतात, हेही ध्यानात असू द्या. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्या माणसाला हे लवकर वाटेल.

बुकिंग करताना काय तपासायचं?

पहिली गोष्ट पासपोर्टची. चीनमध्ये प्रत्येक परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे नोंद होते. हॉटेलात उतरलात तर हे काम हॉटेल करतं. ओळखीच्या माणसाच्या घरी राहिलात तर २४ तासांच्या आत स्वतः नोंदणी करावी लागते. काही छोटी, स्वस्त हॉटेलं पूर्वी परदेशी पाहुण्यांना सरळ परत पाठवायची. 'परवानगी नाही' म्हणून असं नाकारता येणार नाही, हे चीनच्या सरकारी यंत्रणांनी २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. तरी काउंटरवरच्या मुलाला परदेशी पासपोर्टची नोंद कशी करायची हेच माहीत नसणं, हा अडथळा उरतोच. रात्री अकराला बॅगा घेऊन वाद घालण्यापेक्षा आधी ॲपमधून एक मेसेज टाका : भारतीय पासपोर्ट चालेल का? उत्तर लेखी असू द्या.

दुसरी गोष्ट खिडकी. फोटोत खोली झकास दिसते, दर आश्चर्यकारक कमी असतो, आणि मग कळतं की खोलीला खिडकीच नाही. चीनच्या शहरांत अशा खोल्या सर्रास विकल्या जातात आणि तसं लिहिलेलंही असतं, फक्त बारीक अक्षरात. 'बाहेरची खिडकी' असं नमूद असेल तरच पुढे जा.

तिसरी गोष्ट हूतोंगमधल्या हॉटेलांची. हूतोंग म्हणजे जुन्या बीजिंगच्या अरुंद गल्ल्या आणि त्यांतले चौसोपी वाडे म्हणजे 'सहयुआन'. अशा काही वाड्यांची आता हॉटेलं झालीत. मधल्या अंगणात डाळिंबाचं किंवा खजुरासारख्या फळाचं झाड, भोवती खोल्या. एक-दोन रात्रींसाठी सुंदर अनुभव आहे. पण गाडी दारापर्यंत येईलच असं नाही, मोठी बॅग दगडी फरशीवरून ओढत न्यावी लागते आणि जुन्या वाड्यातल्या खोल्या अंधाऱ्या, थंड असू शकतात. जानेवारीत तापमान शून्याच्या खाली असतं. तेव्हा हीटिंगबद्दल विचारूनच पैसे भरा.

तारखांचं म्हणाल तर १ ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सुट्टीचा आठवडा, मे महिन्याची सुरुवात आणि चिनी नववर्ष या काळात हॉटेलांचे दर चढतात आणि गर्दी गणपतीतल्या लालबागसारखी होते. एप्रिलचा दुसरा भाग आणि सप्टेंबर हे त्यातल्या त्यात चांगले.

कोणतं थिएटर, कोणता प्रयोग?

इथे दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. लीयुआनसारख्या ठिकाणी पर्यटकांसाठी तासा-सव्वा तासाचा कार्यक्रम असतो. तीन वेगवेगळ्या नाटकांतले गाजलेले प्रवेश, त्यात एक मारामारीचा हमखास. पडद्याच्या बाजूला इंग्रजी मजकूर झळकतो. कलाकार बाहेरच्या दालनात लोकांसमोर बसून चेहरा रंगवतात, तोही कार्यक्रमाचा भागच. पुढच्या टेबलांवर चहा आणि सुका खाऊ मिळतो. ती तिकिटं मागच्या रांगांपेक्षा बरीच महाग असतात.

छांगआन आणि मेई लानफांग थिएटरात मात्र बीजिंगकर स्वतः तिकीट काढून जातात. नाटक पूर्ण असतं, दोन-अडीच तासांचं. मध्येच एखादी तान जमली की मागच्या रांगेतले आजोबा 'हाओ!' म्हणून ओरडतात. हाओ म्हणजे 'छान'. आपल्याकडे नाट्यपदाला 'वन्स मोअर' मिळायचा, त्या जातीची ही दाद. जुने बीजिंगकर 'नाटक बघायला चाललो' म्हणत नसत, 'नाटक ऐकायला चाललो' म्हणत. बालगंधर्वांच्या काळातल्या आपल्या आजोबा-पणजोबांनाही हे वाक्य परकं वाटलं नसतं.

पहिल्यांदाच जात असाल, बरोबर मुलं असतील, तर पर्यटकांचा छोटा कार्यक्रम घ्या. त्यात कमीपणा काही नाही. शास्त्रीय गाण्याची आवड असेल आणि हातात दोन संध्याकाळी असतील, तर दुसरी संध्याकाळ छांगआनला द्या. जुन्या लाकडी रंगमंचाचं आकर्षण असेल तर हूग्वांग किंवा झंगयीत्स. मात्र या जुन्या वास्तूंमध्ये रोज प्रयोग असेलच असं धरून चालू नका. तारखा बघूनच हॉटेल बुक करा.

आणखी एक सूचना अनुभवी प्रवासी नेहमी देतात : ज्या दिवशी चीनच्या भिंतीवर जाल त्या संध्याकाळचं तिकीट काढू नका. भिंत शहरापासून साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. पायऱ्या चढून दमलेला माणूस परतीच्या ट्रॅफिकमधून साडेसातच्या प्रयोगाला पोहोचला, तरी पहिल्या गाण्याला झोपतो.

भाषा येत नाही, मग कळणार काय?

खरं सांगायचं तर गाण्याचे शब्द अनेक चिनी प्रेक्षकांनाही जसेच्या तसे कळत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठीही पडद्यावर चिनी अक्षरं असतात. या नाटकाची खरी भाषा हालचालींची आहे, आणि ती अर्ध्या तासात शिकता येते.

रंगमंचावर बहुधा एक टेबल आणि दोन खुर्च्या असतात. त्याच कधी दरबार, कधी डोंगर, कधी विहीर, कधी पलंग. हातात गोंडे लावलेला चाबूक आला की माणूस घोड्यावर आहे. चाबूक दुसऱ्याच्या हाती दिला, घोडा बांधला. एक वल्हं दिसलं की होडी, मग होडीतले दोघेही पाण्यावर डुलल्यासारखे एकाच लयीत वर-खाली होतात. चाकांची चित्रं असलेले दोन झेंडे म्हणजे रथ. चार सैनिक म्हणजे अख्खी फौज. नटाने रंगमंचाला एक फेरी मारली की शेकडो मैलांचा प्रवास झाला. तमाशाच्या वगात किंवा दशावतारात राजा दोन फेऱ्या मारून दुसऱ्या राज्यात पोहोचतो, ते ज्यांनी बघितलंय त्यांना इथे काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

पात्रांचे चार मुख्य प्रकार. 'शंग' म्हणजे पुरुष भूमिका, 'दान' म्हणजे स्त्री भूमिका, 'जिंग' म्हणजे रंगवलेल्या चेहऱ्याचे दणकट पुरुष आणि 'छौ' म्हणजे विदूषक, ज्याच्या नाकावर पांढरा ठिपका असतो. जिंगचा चेहरा हा त्या पात्राचा बायोडेटाच समजा. लाल चेहरा निष्ठावंत, जसा सेनापती ग्वान यू. काळा म्हणजे सरळ आणि निःपक्षपाती, जसा न्यायाधीश बाओ. पांढरा फटक चेहरा कावेबाज माणसाचा, जसा छाओ छाओ. सोनेरी-चंदेरी रंग देव आणि राक्षसांसाठी. पाठीवर चार झेंडे बांधलेला दिसला की तो चिलखत घातलेला सेनापती. ते झेंडे घेऊन तो गिरक्या कशा घेतो, हे बघत बसावं असं असतं.

आवाजाबद्दल मात्र आधीच सावध करायला हवं. स्त्री भूमिकेचा आवाज अतिशय वरच्या पट्टीतला, बारीक केलेला असतो. साथीला जिंगहू नावाचं बांबूचं छोटं दोन तारांचं वाद्य. ते कानात सुईसारखं शिरतं. वर झांजा आणि घंटांचा दणका. उघड्यावर, बाजाराच्या गोंगाटात आवाज पोहोचवण्याची ही जुनी गरज. पहिली दहा-पंधरा मिनिटं कान कुरकुरतात. लगेच उठू नका. ढोलक्याकडे लक्ष ठेवा. ढोल आणि झांजा नटाच्या प्रत्येक पावलाला, मानेच्या झटक्याला, बोट उचलण्याला बांधलेल्या असतात. ती गाठ एकदा दिसली की मग तो गोंगाट राहत नाही.

पत्रिकेत काही नावं दिसली तर हात आखडू नका. 'सानछाखौ' म्हणजे 'तिठा' हा प्रवेश परदेशी माणसासाठी जणू ऑर्डर देऊन बनवल्यासारखा आहे. गोष्ट एका धर्मशाळेत घडते. एका सेनापतीला शिक्षा होऊन हद्दपार केलेलं असतं. त्याचं रक्षण करायला एक माणूस गुपचूप मागून येतो आणि त्याच धर्मशाळेत उतरतो. धर्मशाळेच्या मालकालाही त्याच सेनापतीला वाचवायचं असतं, पण त्याला वाटतं हा नवा पाहुणा मारेकरी आहे. रात्री अंधारात दोघांची जुंपते. गंमत अशी, की रंगमंचावर लख्ख प्रकाश असतो. आपल्याला दोघेही दिसतात, त्यांना मात्र एकमेकांचं काही दिसत नाही असं ते खेळतात. तलवार नाकासमोरून जाते, दोघे एकमेकांना पाठ लावून चाचपडतात, टेबलावरून उड्या मारतात. शब्द जवळपास नाहीतच. दिवा आला की भांडण संपतं.

मुलांसाठी वानरराज सुन वुकोंगचे प्रवेश. हा वानर ज्या 'पश्चिमेच्या यात्रे'तला, ती कादंबरी ह्युएन त्संगच्या भारतयात्रेवरून सुचलेली. सातव्या शतकातला तो भिक्षू महाराष्ट्रातही येऊन गेला होता आणि चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीबद्दल त्याने लिहून ठेवलंय. स्वर्गात धुडगूस घालणारं हे माकड बघताना आपल्या मुलांच्या तोंडून मारुतीचं नाव निघणार हे नक्की.

गाण्याच्या चाहत्यांसाठी 'मदिराधुंद राणी'. सम्राट येणार म्हणून राणी यांग ग्वेईफेई सजून बसलेली, तो दुसरीकडे गेल्याचं कळतं आणि ती एकटीच पीत जाते. गुडघे वाकवून, कमरेत मागे झुकून ती दातात धरलेला पेला रिकामा करते. ज्या सम्राटाची ती वाट बघत असते तो म्हणजे नासपतीच्या बागेवाला श्वानत्सोंगच.

मेई लानफांग कोण होते?

ही राणी घराघरांत पोहोचवली ती मेई लानफांग यांनी. जन्म १८९४, मृत्यू १९६१. चिंग काळात रंगमंचावर स्त्रियांना बंदी होती, त्यामुळे स्त्री भूमिका पुरुषच करत आणि मेई त्यातले सर्वश्रेष्ठ. इथे मराठी वाचकाच्या मनात जे नाव येतं ते बरोबरच आहे. बालगंधर्व १८८८ चे, मेई त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. दोघांनी आपापल्या भाषेतल्या स्त्रियांना नेसणं, चालणं, लाजणं दाखवलं असं त्या काळचे लोक म्हणत. एक मोठा फरक होता. मेई यांनी आपली कला देशाबाहेर नेली. १९३० मध्ये त्यांनी अमेरिकेचा दौरा केला आणि १९३५ मध्ये मॉस्कोत त्यांचा प्रयोग बघून जर्मन नाटककार ब्रेख्त भारावला. नट आणि भूमिका यांच्यातल्या अंतराबद्दल त्याने पुढे जे लिहिलं, त्याचं मूळ तिथे आहे. १९२४ मध्ये रवींद्रनाथ टागोर बीजिंगला गेले तेव्हा त्यांनीही मेई यांचा प्रयोग बघितला होता.

मेई यांचं शेवटच्या दशकातलं घर, एक चौसोपी वाडा, हूग्वोस रस्त्यावर संग्रहालय म्हणून जपलंय. सोमवारी बंद असतं. राजवाडाही बहुतेक सोमवारी बंदच असतो, तेव्हा सोमवारचा दिवस ठरवताना दोन्ही लक्षात ठेवा. आणि निघण्याआधी एक चित्रपट बघायचा असेल तर 'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन'. १९९३ मध्ये कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला. ऑपेराच्या शाळेत मुलांना किती निर्दयपणे घडवलं जायचं, हे बघितल्यावर रंगमंचावरच्या गिरक्या वेगळ्या दिसतात.

तिकीट, पैसे, मोबाइल?

व्हिसा आधी. काही देशांच्या नागरिकांना चीनमध्ये दहा दिवसांच्या ट्रान्झिटसाठी व्हिसा लागत नाही, असे रील तुमच्यापर्यंत आले असतील. त्या यादीत भारत नाही. आपल्याला व्हिसा काढावाच लागतो.

तिकिटं बऱ्याच ठिकाणी पासपोर्ट क्रमांकावर निघतात, म्हणून मूळ पासपोर्ट संध्याकाळीही जवळ ठेवा. ऑनलाइन जमत नसेल तर हॉटेलच्या रिसेप्शनला सांगा. ते थिएटरला फोन करून देतात.

पैशांसाठी निघण्याआधी घरूनच अलीपे ॲप टाकून त्यात व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. २०० युआनच्या वरच्या व्यवहारावर परदेशी कार्डाला ३ टक्के शुल्क लागतं, त्याखाली नाही. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. त्याच ॲपमधून टॅक्सीही बोलावता येते.

गुगल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम हॉटेलच्या वायफायवर चालणार नाहीत. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर सहसा चालतात. गुगल मॅप्सवर मात्र विसंबू नका, अमॅप हे चिनी ॲप इंग्रजीतही आहे. या लेखातली नावं उच्चाराच्या जवळ जाणारी आहेत, ती टॅक्सीवाल्याला वाचून दाखवून उपयोग नाही. चिनी भाषेत स्वरांच्या चढ-उतारावर अर्थ बदलतो. हॉटेल आणि थिएटर या दोन्हींची नावं चिनी लिपीत स्क्रीनशॉट काढून फोनमध्ये ठेवा.

टूर कंपनीबरोबर जात असाल तर?

मग हॉटेल तुमच्या हातात नसतं आणि ते बहुधा शहराबाहेरच्या रिंग रोडच्या बाजूला असतं. कार्यक्रमात 'चायनीज शो' किंवा 'कल्चरल ईव्हनिंग' असं लिहिलेलं असेल तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : कसरती, कुंग फू की ऑपेरा? बऱ्याचदा पहिल्या दोनपैकी काहीतरी असतं. ऑपेरा हवा असेल तर एक संध्याकाळ मोकळी मागून घ्या. त्या रात्रीचं जेवण चुकेल, ग्रुपमधले चार लोक नाक मुरडतील. परतीची टॅक्सी आणि हॉटेलचा चिनी पत्ता मात्र तयार असू द्या.

फुकटात ऐकायचं असेल तर?

सकाळी लवकर स्वर्ग मंदिराच्या उद्यानात जा. उद्यानाचं प्रवेश तिकीट असतं, गाण्याचं नाही. तिथल्या लांबलचक छताच्या ओवरीत निवृत्त बीजिंगकर जमतात. कुणी पत्ते कुटतं, कुणी विणकाम करतं, आणि एका खांबाशी पाच-सहा जण जिंगहू घेऊन बसतात. एक आजी उभी राहून राणीचं पद म्हणते, अडलं तर शेजारचा आजोबा ओळ पुढे करतो. तिथे टेबल नाही, चेहऱ्यावर रंग नाही, इंग्रजी पट्टी नाही. उन्हाळ्यात उद्यान सहाला उघडतं, हिवाळ्यात साडेसहाला. पूर्वेच्या दरवाजाने आत गेलात तर ओवरी जवळ पडते.